पांढऱ्या टेरियरच्या अंगावरचे डाग : कुठून आले, कसे टिकले

दादर पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डनला संध्याकाळी एक फेरी मारली, तर हल्ली एखादा तरी जॅक रसेल टेरियर हमखास दिसतो. फूटभर उंचीचा, अंगाने पांढरा, डोक्यावर काळा-तपकिरी रंग आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारा. दोन मालक थांबून बोलू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘मार्किंग’चा विषय निघतोच. याचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं भरलंय, त्याचा एकच कान रंगीत आहे, तिच्या पाठीवर काळा पट्टा आहे. पिल्लाची किंमतही बऱ्याचदा यावरच ठरते. तीन रंगांचं, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘ट्रायकलर’ पिल्लू सगळ्यांना हवं असतं, आणि जवळजवळ पूर्ण पांढरं पिल्लू ‘किती स्वच्छ आहे बघा’ म्हणून दाखवलं जातं.

या डागांमागे मोठा इतिहास आहे. त्यात एक पाद्री आहे, एक दूधवाला आहे, कुत्र्यांच्या प्रदर्शनांतले परीक्षक आहेत आणि अलीकडच्या काळात एक जनुक आहे. डाग म्हणजे शोभा ही समजूत या इतिहासात बरीच उशिरा आली. ती आल्यावर काय काय बिघडलं, हे मुंबईत नव्याने टेरियर घेणाऱ्यांना माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हा कुत्रा पाळीव म्हणून येण्याच्या कितीतरी आधी चित्र म्हणून घरात आला. हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकडीवरचा, कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा आठवा. बालगंधर्वांची पदं ज्यांच्या आजोबांनी तबकडीवर ऐकली, त्या घरांत या कुत्र्याचं नाव कुणाला ठाऊक नसेल, पण रूप पाठ होतं. त्याचं नाव निपर. जन्म १८८४, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. पहिला मालक रंगमंचावरचे पडदे रंगवणारा होता. तो १८८७ मध्ये गेल्यावर कुत्रा त्याच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरोकडे आला. निपर १८९५ मध्ये मेला आणि बॅरोने त्याचं चित्र नंतर काढलं. मूळ चित्रात एडिसनच्या पद्धतीचं सिलिंडरचं यंत्र होतं. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना त्या जागी आपलं तबकडीचं यंत्र रंगवून घेतलं. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अजूनही ७८ च्या जुन्या तबकड्या मिळतात. एखादी हातात घेऊन लेबल उजेडात धरा. अंग पांढरं, कान गडद, गळ्यात पट्टा. तो फॉक्स टेरियर की जॅक रसेल, त्यात बुल टेरियरचं रक्त किती, यावर एकमत कधीच झालं नाही. होण्यासारखंही नव्हतं, कारण निपरच्या काळात या जातींच्या सीमा आजच्यासारख्या आखलेल्या नव्हत्या. पांढरं अंग आणि रंगीत डोकं ही ठेवण मात्र तोवर पक्की बसली होती.

ती बसली कशी, हे पाहायला आणखी ७० वर्षं मागे जावं लागतं.

१८१९ च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये शिकणारा जॉन ऊर्फ जॅक रसेल नावाचा तरुण, ज्याच्यावरून पुढे या जातीला नाव पडलं, एल्सफील्ड गावाच्या बाजूला फिरायला गेला होता. वाटेत एक दूधवाला भेटला आणि त्याच्याबरोबर एक टेरियर कुत्री होती. रसेलने ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. रसेल पुढे डेव्हन परगण्यातल्या स्विमब्रिज गावचा पाद्री झाला, कोल्ह्यांच्या शिकारीसाठी गाजला आणि १८८३ मध्ये वारला. त्याच्या हयातीतच निघालेल्या आठवणींच्या पुस्तकात ट्रम्पचं वर्णन आहे, आणि या संपूर्ण विषयातला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे असं मी मानतो. रंग पांढरा. दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी चट्टा. तसाच एक ठिपका, पेनीच्या नाण्याहून मोठा नाही, शेपटीच्या बुंध्याशी. एवढंच.

त्याच वर्णनात पुढे येतं की तिचे केस दाट, अंगासरसे आणि किंचित राठ होते, पाय सरळ होते, बांधा कष्ट सोसणारा होता आणि उंची वाढ झालेल्या कोल्हीणीएवढी होती. रसेलच्या दृष्टीने हे सगळं कामाचं. कोल्हीण ज्या बिळात शिरते, त्यात तिच्याच मापाचा कुत्रा शिरू शकतो. केस राठ असतील तर पाऊस आणि काटे अंगाला लागत नाहीत. रंगाचं वर्णन ओळख पटावी म्हणून आलेलं. ट्रम्पचं एक चित्र पुढे इंग्लंडच्या युवराजांनी, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डने, करवून घेतलं आणि ते सँडरिंगहॅमला लागलं. तो शेपटीजवळचा नाण्याएवढा ठिपका लक्षात ठेवा. त्याचा उलगडा व्हायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

ट्रम्पच्या आधीचे टेरियर बहुतेक रंगीत असत. थॉमस ब्यूइक या लाकडावर चित्रं कोरणाऱ्या कलाकाराने १७९० मध्ये छापलेल्या प्राणिवर्णनात टेरियरचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक राठ केसांचा, आखूड पायांचा, बहुधा काळा किंवा पिवळट, त्यात थोडा पांढरा. दुसरा तुळतुळीत, तांबूस तपकिरी, नाहीतर काळा आणि तपकिरी पायांचा. आजचे वेल्श टेरियर, लेकलँड आणि मँचेस्टर टेरियर हे त्या काळ्या-तपकिरी घराण्याचे वारस. पण त्याच १७९० मध्ये सॉरी गिल्पिन या चित्रकाराने कर्नल थॉर्नटन यांच्या ‘पिच’ नावाच्या टेरियरचं चित्र काढलं, आणि तो कुत्रा पांढरा आहे, रंगीत चट्ट्यांचा. म्हणजे पांढरी जात रसेलने शोधून काढली नाही. ती त्याच्या आधीपासून होती. त्याने ती निवडली आणि जपली.

पांढराच का? याचं ठरलेलं उत्तर असं : कोल्ह्याच्या मागे फॉक्सहाउंडचा जथा धावतो. कोल्हा बिळात शिरला की टेरियरला आत सोडतात. तो भुंकून, हुसकावून कोल्ह्याला बाहेर काढतो. बिळातून तांबडा कुत्रा बाहेर आला, तर चेकाळलेला जथा त्यालाच कोल्हा समजून फाडायचा. पांढरा कुत्रा मात्र लांबूनही ओळखू येतो. हे कारण पटण्यासारखं आहे, पण पुरं नाही. डेव्हनची माती लाल असते आणि बिळातून निघालेला पांढरा कुत्रा पांढरा उरत नाही. मला वाटतं, खरा उपयोग बिळाच्या तोंडाशी कमी आणि मोकळ्या रानात, झुडपांत, संध्याकाळच्या उजेडात जास्त असावा, आणि तो कुत्र्यांपेक्षा माणसांना. घोड्यावर बसलेल्या माणसाला आपला फूटभर उंचीचा कुत्रा कुठे आहे हे दिसायला हवं असायचं. काहीही असो, पांढरा रंग ही कामाची खूण होती. डोक्यावरच्या चट्ट्यांबद्दल कुणी काही मागितलेलं नव्हतं. ते पांढऱ्याबरोबर आपसूक येत होते.

मग प्रदर्शनं आली. १८६२ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात फॉक्स टेरियरचा स्वतंत्र वर्ग ठेवला गेला. १८७३ मध्ये लंडनला कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब स्थापन झाला, आणि गंमत अशी की रसेल त्याच्या पहिल्या सभासदांपैकी होता. फॉक्स टेरियरचा परीक्षक म्हणूनही तो १८७४ मध्ये बसला. पण स्वतःचे कुत्रे त्याने त्या मांडवात नेले नाहीत. आपले कुत्रे अस्सल टेरियर आहेत, मात्र प्रदर्शनातल्या कुत्र्यांत आणि त्यांच्यात रानगुलाब आणि बागेतला गुलाब यांच्याइतकं अंतर आहे, असं तो म्हणे.

१८७६ च्या सुमाराला फॉक्स टेरियर क्लबने जातीचं मानक, म्हणजे कुत्रा कसा असावा याचे लेखी निकष, ठरवलं. त्यातलं रंगाचं कलम दोन वाक्यांचं आहे. पहिलं : पांढरा रंग जास्त असावा, आणि वाघासारखे पट्टे, लाल किंवा लिव्हर (काळपट तपकिरी) रंगाचे डाग आक्षेपार्ह. दुसरं : याखेरीज या मुद्द्याला फारसं महत्त्व नाही. हे दुसरं वाक्य आज कुणी वाचत नाही. चेहऱ्याचे दोन्ही चट्टे सारखे असावेत, कपाळावर मधोमध पांढरी रेघ हवी, पाठीवर एकच गोल डाग हवा, यातलं काहीही त्या मंडळींनी मागितलेलं नव्हतं. पट्ट्यांना हरकत होती तिचं कारणही शोभेचं नव्हतं. पट्टे म्हणजे बुलडॉग किंवा बुल टेरियरचं रक्त मिसळल्याची खूण मानली जायची, आणि लढाऊ रक्ताचा कुत्रा कोल्ह्याला हुसकावण्याऐवजी बिळातच मारून टाकेल ही धास्ती होती.

रसेलनंतर डेव्हनमधल्या आर्थर हाइनमन यांनी त्याच्या पद्धतीचे कामकरी टेरियर पुढे चालवले आणि १९०४ मध्ये त्यांचं मानक लिहिलं. पुढचं शतक हे कुत्रे तबेल्यांत, शेतांत, उंदीर-घुशींच्या मागे राहिले. केनेल क्लबच्या वहीत ते आले १९९० मध्ये, तेही पार्सन या नावाने, लांब पायांच्या घराण्यापुरते. आखूड पायांच्या जॅक रसेलला ऑस्ट्रेलियात रूप मिळालं, एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००० मध्ये त्याला तात्पुरती मान्यता दिली आणि खुद्द ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१६ मध्ये. अमेरिकेत १९७६ मध्ये निघालेल्या जॅक रसेल क्लबने तर अंगाचा ५१ टक्क्यांहून जास्त भाग पांढरा हवा असा आकडाच घातला. तरीही या सगळ्या मानकांचा गाभा तोच राहिला : पांढरा जास्त, बाकी काळा किंवा तपकिरी किंवा दोन्ही. कुठे, किती, कसा, हे मोकळं.

पांढऱ्याचा सोस कुठवर नेतो याची दोन उदाहरणं रसेलच्याच शतकात, एकोणिसाव्यात, घडली. पहिलं इंग्लिश व्हाइट टेरियरचं. या जातीत एकही डाग नको होता. नखशिखान्त शुभ्र, नाजूक, तुळतुळीत. लोक प्रदर्शनात थांबून बघायचे. पण पिल्लांमागून पिल्लं बहिरी निघू लागली, अंगात कणखरपणा उरला नाही. १८९० च्या दशकात कान कापण्यावर बंदी आली तेव्हा ज्या थोड्यांना ही जात आवडत होती त्यांचाही रस गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती नामशेष झाली. दुसरं उदाहरण बुल टेरियरचं. १८६० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने जुन्या लढाऊ कुत्र्यांत इंग्लिश व्हाइट टेरियर मिसळून पांढराशुभ्र बुल टेरियर घडवला. तो फार लोकप्रिय झाला, आणि बहिरेपणही वारशाने आलं. पुढे रंगीत कुत्रे पुन्हा मिसळले गेले म्हणून ही जात तगली. पांढऱ्या रंगाचा आणि बहिरेपणाचा काहीतरी संबंध आहे हे कुत्री पाळणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. का, हे कळायला वेळ लागला.

त्या ‘का’कडे वळू. कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच : एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. कुठल्या जागी कोणतं बनेल हे काही जनुकं ठरवतात. पाठ काळी, आणि भुवया, गाल, छाती, पाय तपकिरी, ही त्यातलीच एक जुनी ठेवण. डॉबरमन किंवा रॉटवायलरमध्ये ती स्पष्ट दिसते. आता तीन रंगांच्या टेरियरकडे पाहा. त्याच्या कातडीतही खालच्या थरात संपूर्ण काळा-तपकिरी कुत्रा दडलेला असतो. पांढरा हा रंगच नव्हे, तिथे रंगद्रव्य बनवणारी पेशी पोचलेलीच नसते. म्हणून चट्टा जर भुवईवर पडला तर तिथला तपकिरी ठिपका दिसतो, नुसता पाठीवर पडला तर काळाच दिसतो. ट्रायकलर ही काही वेगळी, वरच्या दर्जाची जात नाही. कुठल्या खिडकीतून खालचा कुत्रा दिसतो, एवढाच प्रश्न.

या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या रेषेत तयार होतात आणि तिथून पसरत पोट, पंजे, छाती, नाक, शेपटीचं टोक असा प्रवास करतात. निघाल्या कमी, किंवा वाटेत टिकल्या नाहीत, तर लांबच्या जागा आधी कोऱ्या राहतात. मुंबईच्या कुठल्याही गल्लीतला भटका कुत्रा बघा. अंग तांबडं, पण पायांची बोटं पांढरी, छातीवर पांढरा डाग, शेपटीचं टोक पांढरं. तोच हा हिशोब. रशियात नोवोसिबिर्स्कला १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांच्या पैदाशीचा प्रयोग सुरू केला आणि प्रत्येक पिढीत फक्त माणसाळलेले कोल्हे निवडले. रंगाकडे कुणी बघत नव्हतं. तरी काही पिढ्यांतच कपाळावर पांढरा चांद असलेली पिल्लं जन्मू लागली. माणसाळणं आणि या पेशींची उणीव यांचं नातं असावं, असा विचार त्यातून पुढे आला.

टेरियरमध्ये ही उणीव फार पुढे जाते. क्लॅरेन्स कुक लिटल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये कुत्र्यांच्या रंगांच्या वारशाची मांडणी केली आणि पांढऱ्याच्या पायऱ्या लावल्या : पूर्ण रंगीत, छाती-पंजे पांढरे, कबरा, आणि जवळजवळ पूर्ण पांढरा. २००७ मध्ये बॉक्सर आणि बुल टेरियर यांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि पांढऱ्याचं मूळ एमआयटीएफ नावाच्या जनुकाशी सापडलं. हे जनुक रंगपेशींच्या वाढीवर आणि टिकण्यावर हुकमत चालवतं.

आणि आता तो नाण्याएवढा ठिपका. अंगावरचा रंग कमी कमी होत गेला की सगळ्यात शेवटी तो कुठे उरतो? कान, डोळ्यांभोवती आणि शेपटीचा बुंधा. ट्रम्पचं वर्णन पुन्हा वाचा. तिच्या अंगावर नेमका या तीन जागी रंग होता आणि बाकी कुठेही नव्हता. दूधवाल्याकडची ती कुत्री म्हणजे रंग मागे हटत हटत जिथे शेवटी थांबतो त्याचा चालताबोलता नकाशा होती. १८७८ च्या सुमाराला ते वर्णन छापणाऱ्याला यातलं काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त नीट पाहिलं आणि नीट लिहिलं. नीट पाहून लिहिलेली ओळ दीडशे वर्षांनी विज्ञानाला अशी जुळते, याचं मला अतोनात कौतुक वाटतं.

डोळ्यावरचा डाग आणि रंगीत कान यांचं माणसाला आकर्षण मात्र रसेलच्याही फार फार आधीचं आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे येतात, देवांची कुत्री सरमा हिचे पुत्र, चार डोळ्यांचे आणि ठिपक्यांच्या अंगाचे. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात मृतदेह नेलेली वाट शुद्ध करायला जो कुत्रा सांगितला आहे तो असा : चार डोळ्यांचा पिवळा कुत्रा, किंवा पिवळ्या कानांचा पांढरा कुत्रा. चार डोळे म्हणजे डोळ्यांवरचे दोन ठिपके, असा खुलासा मुंबईचे विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी विधींवरच्या आपल्या ग्रंथात केला आहे. मृताला कुत्र्याची नजर दाखवायचा सगदीदचा विधी मलबार हिलवरच्या डुंगरवाडीने, म्हणजे पारशांच्या अंत्यविधींच्या जागेने, पिढ्यान् पिढ्या पाळला. कुत्र्याबद्दलचा हा आदर किती खोल होता ते १८३२ च्या जूनमध्ये दिसलं. सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले आणि शहराचं कामकाज ठप्प झालं. मुंबईच्या इतिहासात तो दंगा कुत्र्यांचा दंगा म्हणूनच नोंदला गेला.

पिवळ्या कानांचा पांढरा कुत्रा हा टेरियर नव्हता, तसा दावा कुणी करू नये. पण पांढरं अंग आणि कानावर उरलेला रंग ही ठेवण इतकी जुनी आहे की इराणच्या धर्मग्रंथात तिला जागा आहे. आज फाइव्ह गार्डनच्या कट्ट्यावर एखाद्या पारशी बाई आपल्या जॅक रसेलचा रंगीत कान कुरवाळत बसलेल्या दिसल्या की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता आजच्या मुंबईकडे. पिल्लू घ्यायला गेलेल्या माणसाला दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, पिल्लाचं मार्किंग हे पक्कं मार्किंग नसतं. डोक्यावरचा काळा रंग पुष्कळदा काही महिन्यांत मागे सरतो आणि तिथे तपकिरी येतो. दीड महिन्याचं काळ्या तोंडाचं पिल्लू वर्षाचं होईपर्यंत तपकिरी तोंडाचं झालेलं असतं. मग मालकाला वाटतं, आपल्याला फसवलं. फसवणूक त्यात असेलच असं नाही, तो या ठेवणीचा स्वभाव आहे. तसंच पांढऱ्या भागात जन्मानंतर काही आठवड्यांनी बारीक ठिपके फुटू शकतात. पावसात चिंब भिजलेला टेरियर टॉवेलने पुसताना जवळून पाहा. पांढरे केस अंगाला चिकटले की खालची कातडी दिसते, गुलाबी, आणि तिच्यावर करडे-काळे ठिपके विखुरलेले. त्यांतले कित्येक कोरड्या केसांत कधी दिसतच नाहीत. घरी नव्याने कुत्रा आलेली माणसं हे पाहून त्वचारोग समजून घाबरतात. पिल्लू लहान असल्यापासूनचे, सपाट, न खाजणारे, केस न गळणारे ठिपके हा नुसता रंग असतो. नवीन उठलेले, लालसर किंवा वाढणारे असतील तर मात्र डॉक्टरला दाखवावं, आणि पावसाळ्यात तर नक्कीच.

दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंना सारखा मुखवटा ठरवून आणता येत नाही. किती पांढरं हे जनुक ठरवतं, पण चट्टा नेमका कुठे पडेल हे गर्भात त्या मोजक्या पेशी कुठे तगल्या यावर असतं. त्यात नशिबाचा भाग मोठा. ‘आमच्याकडे सगळी पिल्लं एकसारख्या मार्किंगची होतात’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

‘रेअर कलर’ म्हणून निळसर-करड्या, शिंतोडे उडाल्यासारख्या रंगाचे मर्ल जॅक रसेलही हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसतात. या जातीच्या मानकात हा रंग नाही. तो बाहेरच्या जातीच्या मिश्रणातून येतो. मिश्र कुत्रा वाईट मुळीच नाही, पण शुद्ध जातीचे पैसे घेऊन तो विकणं वाईट आहे. त्याहून वाईट म्हणजे दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावणं. त्यांच्या पिल्लांतली काही बहिरी, काही अंध जन्मतात. हे माहीत असून रंगासाठी अशी जोडी लावणाऱ्याला माझ्या मनात क्षमा नाही.

बहिरेपणाचा मुद्दा साध्या पांढऱ्या टेरियरलाही लागू आहे. रंग बनवणाऱ्या पेशी फक्त कातडीत नसतात, त्या आतल्या कानातही लागतात. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या एका पातळ पट्टीला त्या जिवंत ठेवतात. त्या नसल्या तर पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असताना ती पट्टी झिजते आणि मागोमाग ऐकण्याच्या पेशी मरतात. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रेन या संशोधकाने अनेक जातींचे आकडे गोळा केले. डाल्मेशियनमध्ये १०० पैकी सुमारे ३० कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये १०० पैकी सुमारे २०, रंगीत बुल टेरियरमध्ये जेमतेम एक. जॅक रसेलमध्ये १०० पैकी साधारण साडेतीन, आणि तेही जास्त करून पांढऱ्या कुत्र्यांत. डाल्मेशियनमध्ये तर जन्मतः मोठा रंगीत चट्टा असलेली पिल्लं कमी बहिरी असतात, आणि प्रदर्शनाच्या नियमांनी नेमका तोच चट्टा बाद ठरवलेला आहे. म्हणून ट्रम्पचे ते कानावरचे चट्टे मला मोलाचे वाटतात. कानावरचा रंग आतल्या कानाची हमी देत नाही, पण जवळजवळ कोऱ्या कुत्र्यापेक्षा डोक्यावर रंग असलेल्या कुत्र्याच्या बाजूने शक्यता जास्त असते.

साडेतीन टक्के हा आकडा घाबरण्याएवढा मोठा नाही, विचारण्याएवढा नक्की आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आठव्या आठवड्यापर्यंत कानाचा निकाल आत लागून गेलेला असतो, त्यामुळे पिल्लू ताब्यात घेण्याआधी हा प्रश्न विचारणं सहज शक्य आहे. पिल्लू झोपलेलं असताना त्याच्या मागून, त्याला दिसणार नाही आणि फरशी थरथरणार नाही अशा बेताने किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. त्याने दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू बहुधा लक्षात येतं. एका कानाने बहिरं पिल्लू मात्र यातून सुटतं, कारण दुसरा कान काम करत असतो. त्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. एलबीएस मार्गासारख्या रस्त्यावर पट्टा निसटला, तर हॉर्न ऐकून ते कुठल्या बाजूला पळेल याचा नेम नाही. याची खात्रीशीर तपासणी एकच : कानात टिकटिक आवाज सोडून मेंदूकडे जाणारी लहर मोजायची. तान्ह्या बाळांची ‘बेरा’ नावाने जी चाचणी होते तिचं तत्त्व हेच, आणि पिल्लाची ती पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून करता येते. विक्रेत्याने पिल्लाच्या आईवडिलांची ही तपासणी केली आहे का, एवढं तरी विचारावंच.